आसूची वैष्णवी

हॉकीच्या सामन्यात सगळ्यांचे डोळे गोल करणाऱ्यावर असतात. माझे मात्र वैष्णवी फाळकेवर खिळलेले असतात. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या आसू गावची ही शेतकऱ्याची लेक भारतासाठी कधी मधल्या फळीत खेळते, तर कधी बचावात. समोरची खेळाडू वेगानं आत घुसू लागली, की वाकून, स्टिक जमिनीलगत धरून चेंडू अलगद काढून घ्यायचा, हे तिचं काम. गोलफलकावर त्याची नोंद होत नाही. म्हणूनच मला ती जास्त आवडते.

२०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात ती होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजगीरला आपण चीनला १-० असं हरवून आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला, तेव्हाही होती. एका गोलाची आघाडी शेवटच्या शिटीपर्यंत टिकवायची, म्हणजे बचावफळीचा जीव टांगणीला!

राजगीरच्या त्या संघाची कर्णधार सलीमा टेटे झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली, आपल्या जव्हार-मोखाड्यासारख्याच आदिवासी मुलखातली. लहानपणी बांबूच्या काठीनं खेळलेली.

आमच्या पाड्यावरच्या मुलींना मी या दोघींबद्दल सतत सांगतो. माळावर काठ्या घेऊन खेळताना आता बचावाला कोण थांबणार, यावरून त्यांच्यात भांडणं होतात.