तहान लागायच्या आधी पाणी, भूक लागायच्या आधी घास

आज आम्ही सायकलविषयी बोलणार आहोत. मुली शाळेला जातात त्या सायकलीविषयी नाही, तर एका दिवसात साताऱ्याहून सांगलीला जायच्या सायकलीविषयी.

आम्ही चौघी साताऱ्याच्या. एक नर्स, दोघी शिक्षिका आणि एकीचं किराणा दुकान. आम्ही ट्रायथलॉन नावाच्या स्पर्धेची तयारी करतोय. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल चालवायची आणि शेवटी पळायचं, एकामागून एक, त्याच दिवशी. गोव्यात २०१९ सालापासून अशी एक स्पर्धा सुरू झाली. तिथे समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि २१.१ किलोमीटर पळायचं असतं. ही झाली निम्मी स्पर्धा. पुऱ्या स्पर्धेत सगळं दुप्पट असतं आणि ते साधारण १७ तासांच्या आत संपवावं लागतं.

यात सगळ्यात जास्त वेळ सायकलवर जातो. म्हणून तयारी करणाऱ्यांना अधूनमधून एक लांबचा पल्ला मारावा लागतो. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी सातारा ते सांगली असा पल्ला ठरवला. हायवेनं कराडवरून गेलं तर रस्ता सोपा, पण गाड्यांची वर्दळ फार. म्हणून आम्ही आतल्या बाजूनं गेलो: कोरेगाव, रहिमतपूर, औंध, पुसेसावळी, कडेगाव, विटा, तासगाव आणि सांगली. अंतर १२५ किलोमीटरच्या पुढे.

पहाटे पाचला पोवई नाक्यावरून निघालो. अंधार होता, थंडी होती. माहुलीला कृष्णा ओलांडली तेव्हा बोटं गारठली होती. पहिले दोन तास कुणालाच काही वाटत नाही. पाय हलके असतात, गप्पा चालतात. जोरात जावंसं वाटतं. पण लांबच्या पल्ल्याचा पहिला नियम हाच, की पहिल्या दोन तासांत एवढंच जोरात जायचं की बोलताना धाप लागू नये. चढ आला की गिअर हलका करायचा आणि पाय फिरवत राहायचं. चढावर जोर लावून वाचलेली पाच मिनिटं दुपारी अर्ध्या तासानं फेडावी लागतात.

दुसरा नियम खाण्याचा. आपल्या अंगात, स्नायूंमध्ये आणि यकृतात, साखरेचा साठा असतो. सलग कष्टाचं काम केलं तर तो दोन-तीन तासांत संपत येतो. संपला की पाय जड होतात, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, चिडचिड होते, काही सुचेनासं होतं. त्या वेळी खाल्लं तरी लगेच ताकद येत नाही. म्हणून भूक लागायची वाट बघायची नाही. आम्ही घड्याळ लावलं होतं. दर अर्ध्या तासानं काहीतरी तोंडात टाकायचं: अर्धं केळ, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, मूठभर बेदाणे. बाजारात यासाठी महागाच्या पुड्या मिळतात. पण त्यातही मुख्य साखरच असते, आणि सांगलीचा बेदाणा आपल्या घरचाच आहे.

तिसरा नियम पाण्याचा. दर पंधरा-वीस मिनिटांनी तीन-चार घोट. तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर, ऊन असेल तर थोडं जास्त. घामातून मीठही जातं, म्हणून नुसतंच पाणी पीत राहणंही बरं नाही. आमच्या एका बाटलीत साधं पाणी होतं आणि दुसरीत घरी केलेलं मीठ-साखरेचं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. वरून लिंबू पिळलं तर चव येते. ज्यांना साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

कडेगाव सोडल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. ऊन चढलं होतं. उसाचा हंगाम, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर होते. ट्रॉलीच्या मागे गेलं की उसाची टिपरं अंगावर पडायची भीती, आणि पुढे काढायचं तर समोरची गाडी दिसत नाही. आम्ही दर वेळी रस्त्याच्या कडेला थांबून ट्रॅक्टर पुढे जाऊ दिला. हेल्मेट, मागे लाल दिवा आणि चमकणारी जाकिटं होतीच. विट्याच्या अलीकडे एक टायर पंक्चर झाला. ट्यूब, हातपंप आणि टायर काढायच्या पट्ट्या जवळ होत्या. वीस मिनिटांत काम झालं. पंक्चर स्वतः काढता येणं ही बाईसाठी मोठी सोय आहे. निर्जन रस्त्यावर कुणाची वाट बघत उभं राहावं लागत नाही.

विटा ते तासगाव हा टप्पा सगळ्यात अवघड गेला. मान आखडली, तळव्यांना मुंग्या आल्या, बैठक सोलवटली. चौघी तासभर एकमेकींशी बोललो नाही. फक्त घड्याळ वाजलं की एक जण ओरडायची, "खा गं!" आणि बाकीच्या निमूट खायच्या. दुपारी दोनच्या सुमाराला सांगलीत पुन्हा कृष्णा दिसली. सायकली टेम्पोत टाकल्या आणि जेवायला बसलो.

आता तुम्ही म्हणाल, एवढी जिद्द होती म्हणून पोचलात. जिद्द लागतेच. पण या खेळातली एक प्रसिद्ध गोष्ट ऐका. १९८२ साली अमेरिकेतल्या हवाई बेटांवर पुऱ्या ट्रायथलॉनमध्ये ज्युली मॉस नावाची तरुण विद्यार्थिनी बायकांमध्ये सगळ्यांच्या पुढे होती. शेवटची रेषा जवळ आली आणि तिचं अंग रितं झालं. पाय दुमडले. ती पडली, उठली, परत पडली. रेषा हाकेच्या अंतरावर असताना मागची स्पर्धक पुढे निघून गेली. ज्युलीनं रांगत जाऊन रेषा ओलांडली आणि दुसरी आली. टीव्हीवर ते बघून लोक हेलावले. आजही तिच्या जिद्दीचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण तिची जिद्द कुठे कमी पडली होती? संपलं होतं ते अंगातलं बळ, आणि ते खाण्यापिण्यातूनच येतं.

आपल्या भागातल्या बायकांच्या चिवटपणाविषयी शंका घ्यायला जागाच नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. शेतात भांगलणारी, ऊस तोडणारी, द्राक्षाच्या बागेत दिवसभर हात वर करून काम करणारी बाई आमच्याइतकेच तास राबते, तेही आठवड्यातून एकदा नाही, रोज.

फरक कुठे आहे? आम्ही दर अर्ध्या तासानं खात होतो. ती कोऱ्या चहावर निघते आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवते. आमच्या सायकलीला दोन बाटल्या होत्या. ती मुद्दाम कमी पाणी पिते, कारण रानात आडोसा नसतो. हे आम्हालाही चुकलं नाही. सातारा सोडल्यापासून स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल, हा हिशोब आम्हाला आधी करावा लागला: कुठलं एसटी स्टँड, कुठला पेट्रोल पंप. पुरुषांना असा हिशोब करावा लागत नाही. आमच्यातली नर्स सांगते, पाणी कमी पिऊन लघवी धरून ठेवली की जळजळ, मूत्रमार्गाचा संसर्ग अशी दुखणी मागे लागतात. शिवाय २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. अशा अंगानं दिवसभर राबणाऱ्या बाईला लोक 'काटक' म्हणतात. काटक ती आहेच, पण रोज थोडी थोडी झिजतेही आहे.

म्हणून मैत्रिणींनो, तुम्ही ट्रायथलॉन कराच असं आमचं म्हणणं नाही. पण त्यातले नियम रानात घेऊन जा. उपाशीपोटी कामाला लागू नका. शिळी भाकरी आणि गूळ-शेंगदाणे का होईना, खाऊन निघा. कमरेला चिक्कीची नाहीतर गूळ-फुटाण्याची पुडी बांधा. टोळीनं काम असेल तर एकीनं फोनवर तासाचा गजर लावावा. तो वाजला की सगळ्यांनी पाणी प्यायचं, नि मुकादम काही म्हणाला तर सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं. जेवणाबरोबर लगेच चहा घेऊ नका, त्यानं अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. बागेत, ऊसतोडीच्या तळावर, बाजाराच्या ठिकाणी बायकांसाठी आडोसा हवा, हा विषय बचत गटाच्या बैठकीत घ्या आणि ग्रामसभेत मांडा.

आणि एक. आम्हाला तो रविवार मिळाला, कारण त्या दिवशी चौघींच्या घरी स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी केला. एकीच्या सासूबाईंनी, एकीच्या नवऱ्यानं, एकीच्या मुलानं, आणि चौथीच्या घरी शेजारणीनं डबा दिला. तो दिवस आम्हाला मागावा लागला, दोन महिने आधी. तुम्हालाही काही शिकायचं असेल, सायकल असो की शिवणकाम, तर दिवस मागून घ्या. गटातल्या एकीनं मागितला तर बाकीच्या तिच्या घरी डबा देऊ शकतात.

पुढच्या वेळी आम्ही पंक्चर कसं काढायचं ते सांगू. घरातली जुनी सायकल तोवर पुसून ठेवा.