साठीतला सेझार फ्रांक

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातली पायपेटी आठवते. आज ज्या ऑर्गनबद्दल बोलतोय, तो चर्चच्या भिंतीएवढा असतो. भात्याने भरलेली हवा, शेकडो नळ्या, आणि हातांसारख्या पायांसाठीही पट्ट्या. पॅरिसच्या सँत-क्लोतिल्द चर्चमधला असा ऑर्गन सेझार फ्रांक यांनी १८५९ पासून अखेरपर्यंत वाजवला.

जन्म १८२२ चा, आजच्या बेल्जियममधल्या लिएजचा. वडिलांना या मुलाला पियानोचा बालकलाकार म्हणून मिरवायचं होतं. तो मात्र वेगळा झाला आणि १८४८ च्या फेब्रुवारीत, पॅरिसमध्ये क्रांती पेटलेली असताना, त्याने लग्न केलं. चर्चच्या वाटेवर बंडखोरांनी अडथळा रचला होता. त्यांनीच नवरानवरीला हात देऊन पलीकडे नेलं! मी नोकरीत बरेच नाके लावले, पण त्यातून वरात सोडायची वेळ कधी आली नाही.

पुढची तीसेक वर्षं म्हणजे ड्यूटी. पहाटे उठून स्वतःचं लेखन, मग दिवसभर शिकवण्या, रविवारी चर्च. १८७२ मध्ये पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात ऑर्गनचे प्राध्यापक झाले. शिष्यांचा जीव होता त्यांच्यावर. मोठ्या मैफलींतून मात्र नाव फारसं नव्हतं.

आता माझ्या वयाच्या मंडळींनी जरा कान द्यावा. आज जगभर वाजतं ते त्यांचं बहुतेक संगीत सत्तावन्नच्या पुढचं आहे. व्हायोलिन सोनाटा लिहिला त्रेसष्टाव्या वर्षी, युजेन इझाई या तरुण वादकाला लग्नाची भेट म्हणून. १८८६ च्या डिसेंबरात तो ब्रसेल्सच्या चित्रसंग्रहालयात वाजला. दुपार कलली, दिवे लावायला बंदी, कागदावरचं दिसेना. इझाई आणि पियानोवरच्या लेओंतीन बोर्द-पेन यांनी उरलेला सोनाटा अंधारात, पाठ असलेला वाजवला.

१८८९ मधली सिंफनी पॅरिसकरांना रुचली नाही. जाहीर मैफलीत खरी दाद मिळाली १८९० मध्ये, तंतुवाद्यांच्या चौकडीला. वय सदुसष्ट. त्याच ८ नोव्हेंबरला ते गेले, ऑर्गनसाठी तीन मोठ्या रचना पुऱ्या करून.

ऐकायची सुरुवात सोनाट्याच्या चौथ्या भागापासून करा. पियानो सुरावट धरतो, आणि व्हायोलिन एका मात्राचक्राने मागे राहून तीच म्हणत जातं.