भिंतींतील हवा



जयसिंगपूर हें छत्रपति शाहू महाराजांनीं वसविलेलें व्यापारी गांव. त्यांचे जनकपिते जयसिंगराव घाटगे यांचें नांव त्यास दिलेलें आहे. येथें चैत्र-वैशाखांत पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्रीं तिच्याजवळ निजणाऱ्या वृद्धांची झोंप हरपते. म्हणून घर बांधणारे पुष्कळदां विचारतात, "गुरुजी, दोन भिंतींमध्यें पोकळी ठेवली तर उष्मा थांबेल ना? आणि पोकळी जितकी रुंद तितकें बरें ना?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर 'बराच कमी होईल' असें आहे. दुसऱ्याचें मात्र 'नाहीं' असें आहे.

उष्णता तीन वाटांनीं जाते: वहन, अभिसरण आणि प्रारण. स्तब्ध हवेंतून होणारें वहन विटेच्या मानानें सुमारें २५ पटींनीं कमी असतें. परंतु हवा स्तब्ध राहील तर ना! तापलेल्या भिंतीलगतची हवा हलकी होऊन वर चढते, थंड भिंतीलगतची जड होऊन खालीं उतरते, आणि रहाटाच्या गाडग्यांप्रमाणें हा फेरा एका भिंतीची उष्णता दुसरीस नेऊन पोंचवितो. अरुंद जागेंत हवेच्या अंगच्या चिकटपणामुळें हा फेरा मंदावतो. म्हणून पोकळीचा गुण सुमारें २.५ सेंटिमीटरपर्यंत वाढत जातो. त्यापुढें ती ५ सेंटिमीटर ठेवा कीं ३० सेंटिमीटर ठेवा, फळ जवळजवळ तेंच. जागा मात्र फुकट जाते. शिवाय प्रारण पोकळी ओलांडून जातेंच.

यावर उपाय हवेस बारीक कप्प्यांत कोंडण्याचा. गोधडी ऊब देते ती याच कारणानें. पोकळींत थर्मोकोल किंवा खनिज लोकर भरल्यास हवा फिरूं शकत नाहीं. भाताचा तूस स्वस्त खरा, परंतु ओल व वाळवी यांचा विचार करूनच तो वापरावा.

ज्यांचें घर बांधून झालें आहे त्यांनीं काय करावें? तेथें अभिसरणासच कामास लावावें. पश्चिमेच्या भिंतीबाहेर हातभर अंतरावर वेलीचा मांडव किंवा तट्टा उभा करावा व खालून-वरून वाट मोकळी ठेवावी. ऊन भिंतीस लागत नाहीं, आणि मधली तापलेली हवा वर निघून जाते. घरांत छताजवळ झरोका असावा व रात्रीं बाहेर गारवा आल्यावर खालची खिडकी उघडावी; दुपारीं मात्र ती बंदच ठेवावी.

नवी भिंत घालण्यापूर्वीं एवढें करून पाहावें. खर्च थोडा आहे, आणि घरांतील म्हाताऱ्या माणसांस त्याचा लाभ याच उन्हाळ्यांत मिळेल.