मेणाच्या पोटातली ऊब

ऑक्टाडेकेन नावाचं पॅराफिन मेण साधारण 28 अंश सेल्सिअसला वितळतं. वितळताना त्याचा एक ग्रॅम सुमारे 240 ज्यूल उष्णता पोटात घेतो. तेवढ्या उष्णतेने एक ग्रॅम पाणी 57 अंशांनी तापलं असतं! गोठताना मेण ती उष्णता परत देतं. पण वितळलेलं मेण पाझरतं. म्हणून ते पाण्यात घुसळून सूक्ष्म थेंब करतात आणि प्रत्येक थेंबाभोवती मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडसारख्या पॉलिमरचं कवच घडवतात. मेण वितळताना फुगतं. तो ताण कवचाने पुन्हा पुन्हा सोसायचा, खरं कसब तिथेच. जर्मनीत अशा कुप्या भिंतीला लावायच्या जिप्समच्या फळ्यांत मिसळल्या. दुपारची उष्णता भिंत शोषते, रात्री सोडते. मात्र रात्र गार हवी. नाहीतर मेण गोठतच नाही आणि दुसऱ्या दिवशी भिंतीला काही शोषता येत नाही.