अण्णांची पंगत

(कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जयंतीनिमित्त पणदरे येथे शिक्षक व पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज २२ सप्टेंबर. १८८७ साली याच दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे भाऊरावांचा जन्म झाला. 'रयत'च्या शाळेत शिकलेली माणसे आपल्या या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ठायी ठायी भेटतात. तेव्हा अण्णांची ओळख मी करून द्यावी, असे काही उरलेले नाही. परंतु जयंत्या-पुण्यतिथ्यांचा एक दोष असतो. वर्षानुवर्षे हार पडून पडून माणूस गुळगुळीत होतो. अण्णा गुळगुळीत नव्हते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, छातीवर रुळणारी दाढी आणि जिभेवर धार असलेला हा माणूस आज या सभागृहात आला असता, तर आपल्यापैकी किती जण निश्चिंतपणे बसून राहिलो असतो, याची मला शंका आहे. माझ्यापुरते सांगतो, मी राहिलो नसतो. का, ते पुढे सांगेन.

लाखो मुलांना शिकवणारा हा माणूस स्वतः मॅट्रिकही उत्तीर्ण झालेला नव्हता. कोल्हापुरात विद्यार्थी असताना अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, असा ते राहत असलेल्या वसतिगृहाचा नियम. भाऊरावांनी स्नान केले नाही. वसतिगृह सुटले. पुढे त्यांनी पुस्तकांतून जे शिकवले, त्याहून अधिक या न केलेल्या स्नानाने शिकवले, असे मला वाटते.

पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. नांगर विकण्याच्या निमित्ताने गावोगाव फिरणे झाले आणि कुणब्याच्या घरी कागद वाचणारे कोणी नाही, हे दिसले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली कार्य साताऱ्यास आले आणि वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यात आले असताना त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

या वसतिगृहाविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. कारण अण्णांची खरी शाळा तेथे होती. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका छपराखाली राहत. स्वयंपाक मुलांनीच करायचा, पाणी त्यांनीच भरायचे, शेतात त्यांनीच राबायचे आणि जेवायला एकाच पंगतीत बसायचे. 'कमवा व शिका' हे शब्द आज आपण योजनेचे नाव म्हणून वापरतो. तेव्हा तो पोटाचा हिशेब होता. त्या काळी गावात पाणवठे वेगळे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या पंगतीचे मोल कळते. समरसता हा शब्द आपण व्यासपीठावरून फार उच्चारतो. तो साताऱ्यात ताटांतून वाढला जात होता.

आणि वाढणारा हात लक्ष्मीबाईंचा होता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या. त्यांना हे सारे एका दिवसात पटले असेल, असे मानण्याचे कारण नाही. पण एकदा पटल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. मुलांसाठी धान्य आणायला पैसे उरले नाहीत, तेव्हा एकेक दागिना गेला आणि अखेर मंगळसूत्रही गेले. आपल्या घरातील माताभगिनींना मी विचारतो, दुसऱ्याच्या मुलाच्या भाकरीसाठी मंगळसूत्र काढून देणे म्हणजे काय, हे मी पुरुषाने सांगावे का? १९३० साली त्या गेल्या. संस्थेचा वटवृक्ष त्यांनी पाहिलाच नाही. त्यांनी पाहिली ती रिकामी कणगी.

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली गाडगे महाराजांच्या नावाने कऱ्हाडचे कॉलेज. शिवाजी महाराजांचे नाव बदलून माझे द्या, मोठी देणगी देतो, असे सांगत एक धनिक आला, तेव्हा अण्णांनी त्याला वाटेला लावले, ही गोष्ट तर पोरेही सांगतात. १९५९ साली पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णा गेले.

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशाच ऊसपट्ट्यातील एका शाळेत वर्गशिक्षक होतो. जानेवारीचा महिना. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहिली. ऊसतोडीच्या टोळीतली होती, बीडकडची. "गुरुजी, बसू का?" एवढेच म्हणाली. मी दाखला मागितला. दाखला नव्हता. वर्ष निम्म्याहून अधिक सरले होते, पटाचा प्रश्न होता, शिवाय कडेवरचे पोर रडत होते. "उद्या वडिलांना घेऊन ये," असे मी सांगितले. ती आली नाही. ज्या खोलीत हे घडले, तिच्या भिंतीवर अण्णांची तसबीर होती.

मी नियमाबाहेर काही केले नाही, असे तेव्हा मनाला समजावले. अण्णांच्या वसतिगृहाने स्नानाचा आग्रह धरला, तोही नियमच होता.

आज तर तो नियमही आडवा येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा किंवा जुन्या शाळेचा दाखला नाही, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वर्षाच्या मध्येही मूल दाखल करून घ्यावे लागते. पणदऱ्याच्या चहूबाजूंना ऊस उभा आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर आणि आणखी कोठून कोठून टोळ्या उतरतील. आपल्याच फडाच्या कडेला कोप्या पडतील. आईबाप पहाटेच कोयता घेऊन निघतील आणि मोठी बहीण लहानग्याला सांभाळत वाढ्यांच्या ढिगाशी बसेल. ऊस आपला, साखर आपली, तर ते मूल कोणाचे?

गाळप सुरू होण्यास अजून महिना-दीड महिना आहे. टोळी उतरल्यावर पहिल्याच रविवारी मी कोप्यांवर वही घेऊन जाणार आहे, मुलांची नावे लिहून घ्यायला. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, तेव्हा मोटारसायकल असलेले दोन तरुण शिक्षक आणि धाकट्या भावंडांना दुपारपर्यंत सांभाळू शकतील अशा चार भगिनी हव्या आहेत. सभा संपल्यावर मी येथेच, दाराजवळ थांबतो.