मातीला कापूस पचतो, पॉलिएस्टर पचत नाही



पांढरकवड्यापासून उमरखेडपर्यंत आपल्या वावरात पऱ्हाटीचा पाला पडतो, ज्वारीचं धसकट राहतं. दोन पावसाळ्यांत ते दिसेनासं होतं. जातं कुठं? मातीतली बुरशी आणि जिवाणू ते खातात. कापसाचा धागा म्हणजे शेकडा नव्वदाच्या वर सेल्युलोज. झाडाझुडपांचं अंग ज्याचं बनतं तेच द्रव्य. जिवाणूंच्या पाचक रसानं त्याची साखर होते, त्यावर ते जगतात.

पॉलिएस्टरचं तसं नाही. ते खनिज तेलापासून बनतं. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी ते शोधलं. मातीच्या हिशेबानं ही कालची गोष्ट. ते पचवायला ती अजून शिकली नाही. २०१६ साली जपानी शास्त्रज्ञांनी असं प्लॅस्टिक खाणारा एक जिवाणू जाहीर केला. पण प्रयोगशाळेत ३० अंश उष्णतेत पातळ पापुद्रा संपवायलाही त्याला सुमारे सहा आठवडे लागले. कपड्याचा ताणलेला धागा त्याहून चिवट. टेरिकॉट पुरलं तर कापूस कुजतो, पॉलिएस्टरची जाळी उरते. असं कापड धुतलं की बारीक तंतू सुटतात आणि नाल्यातून नदीत, नदीतून समुद्रात जातात.

मग पॉलिएस्टर स्वस्त कसं? त्याच्या किमतीत हा कचरा धरलेलाच नाही. तो खर्च नदी सोसते, माती सोसते. आज जगातल्या एकूण धाग्यात निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे, आणि या अर्धवट हिशेबाच्या भावाशी आपल्या कापसाला झुंजावं लागतं. आम्ही दया मागत नाही. हिशेब पुरा मांडा, मग कापूस महाग की पॉलिएस्टर ते ठरवा, एवढंच आमचं म्हणणं.

आपल्या हातातलंही एक काम आहे. प्लॅस्टिकच्या चुंगडीत कापूस भरला की तिचे तंतू रुईत जातात. ते रंग धरत नाहीत, कापड डागी दिसतं, आणि कापसाचा भाव पडतो. वेचणीला सुती ओटी आणि सुती चादरच वापरावी.

शेवटी एक प्रयोग. पाऊस लागला की बिनरंगी सुती कापडाचा आणि पॉलिएस्टरचा सारखा तुकडा वीतभर खोल पुरा. ओल असेल तरच जिवाणू काम करतात, म्हणून उन्हाळ्यात नको. दोन महिन्यांनी उकरा. सुती तुकडा जितका झिजला तितकी माती जिवंत. दोन्ही तुकडे पुढच्या बैठकीला घेऊन या. आपली बाजू तेच मांडतील.