खेळणाऱ्या मुलाच्या हाती यंत्राची किल्ली
(संस्थेच्या वार्षिक समारंभात चारकोप येथे दिलेले भाषण)



अशा समारंभात शिष्यवृत्ती, शिस्त आणि परीक्षेचा निकाल यांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी आज खेळावर बोलणार आहे, आणि तोही मैदानावरचा नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचा. हे ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील आणि मागच्या रांगेतली मुले खूश होतील. दोघांनीही थोडा धीर धरावा. शेवटी मी दोघांच्याही पदरात थोडे थोडे काम टाकणार आहे.

आपल्या घराघरातला प्रश्न असा आहे. मुलगा व्हिडिओ गेम मागतो. अब्बा म्हणतात, पैसे नाहीत. अम्मी म्हणते, अभ्यास कर. मग मुलगा तिसरी वाट शोधतो. कुणा मित्राकडून पेन ड्राइव्ह आणतो आणि कुलूप तोडलेला, म्हणजे 'क्रॅक' केलेला खेळ घरच्या संगणकात घालतो. बहुधा त्या संगणकातले विंडोजही तसेच चोरवाटेने आलेले असते. पालकांना हे ठाऊक नसते. किंवा ठाऊक असते, पण फुकट मिळाले म्हणून त्यांनी कानाडोळा केलेला असतो.

या तिसऱ्या वाटेचे दोन तोटे आहेत. पहिला उघड आहे. दुसऱ्याच्या श्रमाची वस्तू दाम न देता घेण्याला आपण दुकानात चोरी म्हणतो; घरात तिला दुसरे नाव देता येणार नाही. दुसरा तोटा व्यवहाराचा आहे. क्रॅक केलेला खेळ पुष्कळदा सांगतो की आधी विषाणूरोधक बंद करा. पहारेकऱ्याला घरी पाठवा, मग मी आत येतो, असे सांगणाऱ्या पाहुण्याला आपण दार उघडू का? आणि त्याच संगणकात बँकेचे व्यवहार, आधारची प्रत आणि शिष्यवृत्तीचे अर्ज असतात, हे विसरून चालणार नाही.

यावर उपाय काय? नुसती बंदी हा उपाय नव्हे. बंदी घातली की मूल खेळ सोडत नाही, फक्त आपल्यासमोर खेळायचे सोडते. मी आपल्यापुढे चौथी वाट ठेवतो. ती सरळ आहे, स्वस्त आहे आणि तिच्यात शिक्षणही आहे. ती वाट म्हणजे मुक्त स्रोताची कार्यप्रणाली, सर्वसामान्य भाषेत लिनक्स.

संगणकाचे यंत्र आणि आपले काम यांच्यामध्ये जो कारभारी बसलेला असतो त्याला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज हा असा एक कारभारी. त्याचा हिशेबाचा वहीखाता बंद असतो, तो फक्त त्याच्या कंपनीलाच पाहता येतो. लिनक्सचा वहीखाता उघडा असतो. तो कोणीही वाचावा, सुधारावा, शेजाऱ्याला द्यावा. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी अशा खुल्या प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच गाभा आहे. म्हणजे लिनक्स आपल्या घरात केव्हाच आलेला आहे, फक्त त्याची ओळख करून दिलेली नाही.

चारकोपच्या रहिवाशांना ही कल्पना समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प आला आणि म्हाडाने चारकोपमध्ये लोकांना तयार इमारतींऐवजी भूखंड दिले. रस्ता, पाणी, गटार यांची सोय करून दिली आणि सांगितले, घर तुम्ही बांधा. ऐपत वाढली तशी लोकांनी खोली वाढवली, मजला चढवला. पाया सर्वांचा, घर ज्याचे त्याचे. लिनक्सचीही रीत नेमकी हीच आहे. तयार सदनिकेत भिंतीला खिळा ठोकायलाही परवानगी लागते. स्वतः बांधलेल्या घरात नळ गळला तर तो कुठून जातो हे आपल्याला माहीत असते.

आता मुलांचा प्रश्न येतो : "हे सगळे ठीक आहे, पण खेळ चालतात का?" प्रश्न रास्त आहे. पुष्कळ वर्षे याचे उत्तर 'फारसे नाही' असेच होते. खेळ तयार करणाऱ्या कंपन्या ते विंडोजसाठी लिहीत. त्या खेळाची भाषा लिनक्सला कळत नसे. मग १९९३ साली काही स्वयंसेवकांनी एक दुभाष्या तयार करायला घेतला. खेळ विंडोजच्या भाषेत काही मागू लागला की हा दुभाष्या ते लिनक्सच्या भाषेत सांगणार. त्याचे नाव 'वाइन'. नाव ऐकून कोणी दचकू नये. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी ते नाव बनलेले आहे, पेयाशी त्याचा काही संबंध नाही. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली २००८ साली. पंधरा वर्षे लोकांनी त्यावर चिकाटीने काम केले!

पुढची गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. फिलिप रेबोले या तरुणाला 'नियर : ऑटोमेटा' नावाचा खेळ लिनक्सवर खेळायचा होता. त्याची चित्रे पडद्यावर नीट उमटत नव्हती. तो रडत बसला नाही. विंडोजची चित्रे काढण्याची भाषा 'वल्कन' नावाच्या खुल्या भाषेत उतरवणारी आज्ञावली त्याने स्वतः लिहायला घेतली. तिचे नाव डीएक्सव्हीके. खेळांचा मोठा व्यापार करणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली त्याला या कामासाठी पगार सुरू केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाइन आणि डीएक्सव्हीके यांना एकत्र करून त्या कंपनीने 'प्रोटॉन' बाहेर काढले. २०२२ च्या फेब्रुवारीत 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळण्याचे यंत्र बाजारात आले; त्याच्या आतही लिनक्सच आहे. आज विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ लिनक्सवर चालतात. एका मुलाच्या खेळण्याच्या हट्टातून एवढे काम उभे राहिले. खेळाचा हट्ट नेहमी वाया जातो, असे मग कसे म्हणावे?

आपल्याकडेही याचे एक उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेतल्या मुलांना २००७ साली हिरवे-पांढरे छोटे संगणक मिळाले. त्यांत लिनक्स होते. त्यातल्या जोड्या जुळवण्याच्या खेळात शब्द आणि चित्रे मुलांना स्वतः घालता येत. शिवाय कळफलकावर एक कळच अशी ठेवली होती की, ती दाबून चालू असलेल्या कार्यक्रमाची आतली घडण पाहावी. हा प्रयोग देशभर पसरला नाही. परंतु त्या एका कळेमागचा विचार मला फार मोलाचा वाटतो : जे यंत्र मूल वापरते ते उघडून पाहण्याचा हक्कही त्याला असावा.

पालकहो, मी आपल्याला एकच बाजू सांगून फसवणार नाही. उणिवाही ऐका. जाळ्यावर दहाजणांशी लढण्याचे काही खेळ लिनक्सवर चालत नाहीत. लबाडी रोखण्यासाठी त्यांच्या कंपन्या संगणकाच्या गाभ्यात आपला पहारेकरी बसवतात आणि लिनक्सवर त्यांना तशी मुभा द्यायची नाही किंवा घ्यायची नाही. 'व्हॅलोरंट' आणि 'फोर्टनाइट' ही त्यातली प्रसिद्ध नावे. मुलाचे सगळे मित्र तेच खेळत असतील तर त्याची निराशा होईल, हे आधीच सांगावे. दुसरे, लिनक्स घातल्याने म्हातारा संगणक तरुण होत नाही. जुन्या यंत्रांना वल्कन झेपत नाही, तिथे नवे भारी खेळ चालणार नाहीत. तिसरे, पहिल्या आठवड्यात काहीतरी अडेलच : कधी आवाज येणार नाही, कधी खेळाची काठी ओळखली जाणार नाही. मात्र ही अडचण हाच तर धडा आहे! चूक कुठे आहे ते वाचणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, काय केले ते वहीत टिपून ठेवणे, हीच प्रयोगशाळेतली रीत. शाळेत ती गुणांसाठी शिकवावी लागते. इथे मूल ती आपल्या गरजेने शिकते.

आता करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

१. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची साथ थांबवली. विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर चढत नाही. म्हणून चालू संगणक भंगारात देऊ नका. चार जीबी स्मृती असली तरी लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली त्यावर काम करते.

२. आधी घरचे फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवून ठेवा. मग पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पाहा. अशाने आतले काहीही पुसले जात नाही. पसंत पडले तरच कायम बसवा.

३. सुरुवात मुक्त खेळांनी करा. 'सुपरटक्सकार्ट' ही गाड्यांची शर्यत, 'वेसनॉथ' हे डावपेचांचे युद्ध, '० ए.डी.' मध्ये तर आपले मौर्यही आहेत. लहानग्यांसाठी 'जीकॉम्प्रिस' आणि चित्रे काढायला 'टक्स पेंट'. हे सर्व फुकट आहेत आणि फुकट घेणे इथे चोरी नाही, कारण देणाऱ्यांनीच ते तसे दिलेले आहेत.

४. विकतचा खेळ घेताना आधी 'प्रोटॉनडीबी' या सूचीत त्याचा दर्जा पाहा. खेळणाऱ्यांनीच ती भरलेली आहे. स्टीमच्या दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मागता येतात.

५. पैसे लावून खेळायच्या खेळांना यात जागा नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून असे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत. तो खेळ नव्हे, जुगार आहे.

६. वेळेची मर्यादा घाला आणि संगणक बैठकीच्या खोलीत ठेवा. आणि कृपा करून मुलीलाही त्याच्यासमोर बसवा. भाऊ खेळतो आणि बहीण चहा आणते, असे चित्र यापुढे नको.

शिकायला कुठे जावे, असे विचाराल. पवईच्या आय.आय.टी. मुंबईने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतूनही करून ठेवले आहेत आणि ते विनामूल्य आहेत. इंग्रजीची भीती हे कारण त्यामुळे उरत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. मघाशी ज्या टोरवाल्ड्सचे नाव घेतले तो तेव्हा विद्यार्थीच होता. रेबोलेला एक खेळ खेळायचा होता, एवढेच. तुम्ही सर्वांनी तसे व्हावे असे मी म्हणत नाही. परंतु एखादा खेळ अडला आणि तुम्ही तो सोडवलात, तर कसा सोडवलात ते चार ओळीत लिहून त्या सूचीत टाका, आणि शेजारच्या सेक्टरमधल्या मुलाचाही संगणक लावून द्या. ज्या वस्तीत एकाने भिंत बांधताना दुसऱ्याने विटा उचलल्या, त्या वस्तीची तुम्ही मुले आहात. आयते घेणारे पुष्कळ आहेत. तुम्ही बांधणारे व्हा, मग खुशाल खेळा.

 जय हिंद.